आडुतुरैचा चिखल, बोरघाटाची चढण आणि रेडिएटरचे झाकण

कुंभकोणमहून मयिलाडुतुरैकडे निघाले की वाटेत आडुतुरै हे गाव लागते. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील हे सपाट, पाणथळ गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम २० मीटर उंचीवर आहे. भाताच्या अभ्यासकांना ते चांगले परिचित आहे, कारण १९२२ मध्ये येथे भातपैदास केंद्र सुरू झाले आणि १९८५ मध्ये त्याचेच रूपांतर तमिळनाडू भात संशोधन संस्थेत झाले. मराठी वाचकाला कदाचित शेजारचे तिरुविडैमरुदूर अधिक जवळचे वाटेल. तंजावरच्या भोसले घराण्यातील अमरसिंह गादीवरून दूर झाल्यावर तेथेच राहिले.

परंतु येथे सांगायचा इतिहास राजघराण्याचा नाही आणि भाताचाही थेट नाही. आडुतुरैच्या शिवारात चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरच्या बॉनेटखाली मुठीत मावेल एवढे धातूचे एक झाकण असते. ते पाणी सांडू नये म्हणून बसवले आहे, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात इंजिनातील पाणी किती अंशांवर उकळावे, याचा निर्णय ते झाकण करते.

आडुतुरैने या झाकणाशी संबंध जोडला तो १९६५ मध्ये. त्या वर्षी येथून ‘एडीटी २७’ हे भाताचे वाण प्रसारित झाले. ‘एडीटी’ ही आडुतुरैचीच आद्याक्षरे. जपानी आणि भारतीय भातांच्या संकरातून आलेले हे वाण सुमारे १०५ दिवसांत कापणीला येई. तंजावर जिल्हा १९६० पासून सघन कृषी जिल्हा कार्यक्रमाच्या पहिल्या सात जिल्ह्यांपैकी एक होता. खते, कर्ज आणि बियाणे यांची व्यवस्था त्यामुळे आधीच उभी राहिली होती. मेट्टूर धरणाचे पाणी प्रथेप्रमाणे १२ जूनला सुटावे, ‘कुरुवै’ हंगामाचे भात सप्टेंबरच्या सुमारास कापावे आणि त्याच खाचरात ‘तालडि’चे दुसरे पीक लावावे, असा क्रम अल्प मुदतीच्या वाणामुळे पुष्कळ अधिक क्षेत्रावर शक्य झाला.

या क्रमातील नाजूक भाग म्हणजे दोन पिकांमधील अंतर. कुरुवैची कापणी आणि तालडिची लावणी यांच्यामध्ये फार दिवस हाती नसतात, आणि ऑक्टोबरच्या मध्यानंतर ईशान्य मोसमी पाऊस केव्हाही दाराशी येतो. तेवढ्या दिवसांत धसकटे गाडून, पाणी साठवून सारी खाचरे चिखलणी करून तयार ठेवायची असतात. बैलांच्या जोड्यांना हे काम झेपत होते, पण वेळेत झेपेलच असे नव्हते. मद्रासमध्ये १९६० मध्ये स्थापन झालेल्या टॅफे कंपनीचे आणि इतरांचे ट्रॅक्टर हळूहळू या खाचरांत उतरू लागले, त्यामागे ही घाई होती.

खाचरातील ट्रॅक्टरची अवस्था मोटारशास्त्राच्या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहे. मागच्या चाकांना लोखंडी पिंजऱ्यासारखी केज व्हील लावलेली असतात, मागे रोटाव्हेटर फिरत असतो, इंजिन जवळजवळ पूर्ण भाराने चालत असते आणि गाडीचा वेग मात्र ताशी तीन-चार किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालीएवढा. रस्त्यावरच्या मोटारीला धावण्यामुळे जो वारा फुकट मिळतो तो येथे नाही. सारी भिस्त पंख्यावर. त्यातच पेंढ्याचा भुसा आणि वाळलेला चिखल रेडिएटरच्या पातळ पत्र्यांमध्ये अडकून बसतो. डिझेल इंजिनात जळालेल्या इंधनाच्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश कामी येते, तेवढीच धुराबरोबर जाते आणि उरलेल्या भागातील मोठा वाटा पाण्याला वाहून न्यावा लागतो. ३५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरसाठी हा वाटा २० किलोवॉट धरला, तर घरातले दोन किलोवॉटचे दहा गीझर एकाच वेळी त्या आठ-दहा लिटर पाण्यात चालू ठेवल्यासारखे होते. ही सगळी उष्णता निव्वळ पाण्याची वाफ करून घालवायची ठरवली, तर तासाला ३० लिटरहून अधिक पाणी ओतत राहावे लागेल.

मोटारगाडीच्या पहिल्या पिढीने अगदी हेच केले होते. कार्ल बेंझ यांच्या १८८६ च्या तीनचाकी गाडीत रेडिएटर नव्हताच. सिलिंडरभोवतीचे पाणी उकळून वाफ होऊन जाई आणि चालक वाटेत पाणी भरत राही. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,२५७ किलोज्यूल उष्णता लागते, हा निसर्गाचा नियम त्या गाडीला मदतीचा होता. अडचण फक्त पाणी बरोबर किती न्यायचे ही होती. उपाय विल्हेल्म मायबाख यांनी काढला. १९०० च्या अखेरीस तयार झालेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीज गाडीला त्यांनी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला. त्यात ८,०७० बारीक चौकोनी नळ्या होत्या आणि पाणी लागत होते अवघे ९ लिटर. पुढची सव्वाशे वर्षे गाडीच्या नाकाशी बसलेल्या रेडिएटरचा मूळ विचार तोच राहिला आहे.

या रेडिएटरला झाकण होते, पण ते साधे बुचासारखे. वाफ झाली तर बाजूच्या बारीक नळीतून बाहेर जावी, एवढीच अपेक्षा. फोर्डच्या प्रसिद्ध ‘मॉडेल टी’ गाडीत, अगदी सुरुवातीचा काही उत्पादनकाळ सोडला तर, पाण्याचा पंपही नव्हता. तापलेले हलके पाणी आपोआप वर चढे, रेडिएटरमध्ये निवून खाली येई. अशी गाडी उघड्या भांड्यासारखी असते. तिच्यातील पाणी बाहेरच्या हवेच्या दाबाखाली असते आणि तो दाब ठरवील त्या तापमानाला उकळते.

हवेचा दाब जागोजागी वेगळा असतो, आणि पाणी त्याची अचूक साक्ष देते. हे दख्खनमध्ये फार पूर्वीच वापरून झाले होते. मुंबई सरकारने १८२४ मध्ये दख्खनच्या सांख्यिकी पाहणीसाठी नेमलेले विल्यम हेन्री सायक्स हे लष्करी अधिकारी पक्षी, मासे, पिके, लोकसंख्या अशा नाना गोष्टींची नोंद करीत फिरत. डोंगरांची उंची मोजण्यासाठी पाऱ्याचे वायुभारमापक बरोबर न्यावे लागत, आणि काचेची ती लांब नळी घोड्यावरच्या किंवा पायीच्या प्रवासात हमखास फुटे. सायक्स यांनी त्याऐवजी साधे तापमापक आणि उकळत्या पाण्याचे भांडे यांवर काम भागवता येते का, हे पडताळले. पाणी जितक्या कमी तापमानाला उकळेल तितकी जागा उंच. या पद्धतीवरील त्यांचा लेख लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या नियतकालिकात १८३८ मध्ये आला. हिशेब ढोबळमानाने दर ३०० मीटरला एक अंश सेल्सिअस असा बसतो. आडुतुरैला पाणी १०० अंशांना उकळते, लोणावळ्याला सुमारे ९८ ला, महाबळेश्वरला ९५ ते ९६ च्या दरम्यान आणि उटीला ९२-९३ च्या आसपास.

सायक्स यांच्यासाठी जी सोय होती, तीच पुढे मोटारचालकांची डोकेदुखी ठरली. बोरघाटातून गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला तो बैलगाड्या आणि घोडागाड्यांसाठी. शतक बदलता बदलता मुंबईत मोटारी आल्या आणि त्याच चढणीवर त्यांची परीक्षा सुरू झाली. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत सुमारे ५०० मीटरची चढण आहे. दीड टनाची गाडी नुसती एवढी वर उचलायला लागणारे काम सुमारे ७३ लाख ज्यूल भरते, आणि इंजिन एवढे काम करताना निदान तितकीच उष्णता पाण्यात सोडते. तीन लिटर पाण्याची वाफ करायला ती पुरे. गिअर खालचा, वेग मंद, पंखा अपुरा, आणि पुण्याच्या दिशेने पूर्वेकडे चढणाऱ्या गाडीच्या पाठीशी समुद्रावरचा पश्चिमेचा वारा. रेडिएटरला समोरून वारा हवा असतो. येथे तो मागून येतो. वर जावे तसा उत्कलनबिंदूही घसरत जातो. बॉनेट उघडून कडेला उभ्या असलेल्या, वाफ सोडणाऱ्या गाड्या आणि डबा घेऊन झऱ्याकडे निघालेला क्लीनर हे दृश्य महाराष्ट्रातल्या घाटांनी कित्येक दशके पाहिले. बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळापाशी थांबून नाणे वाहण्याची चालकांची रीत श्रद्धेची आहेच. तेवढ्या विसाव्याने इंजिनाचेही भले होत असले पाहिजे.

त्या काळात झाकणाला मान मात्र भरपूर होता. रेडिएटर गाडीच्या तोंडावर उघडा असे, त्यामुळे त्याचे झाकण हे शोभेचे ठिकाण झाले. रोल्स रॉइसच्या गाड्यांवरील पंख पसरलेली स्त्रीमूर्ती १९११ मध्ये चार्ल्स सायक्स या शिल्पकाराने घडवली ती याच झाकणावर बसवण्यासाठी. दख्खनमधील सायक्स यांच्याशी या आडनावापलीकडे कसला संबंध जोडण्याचे कारण नाही. पण एका सायक्सने उकळत्या पाण्यातून डोंगर मोजावेत आणि दुसऱ्याने उकळत्या पाण्यावरचे झाकण सजवावे, ही गंमत नोंदवल्यावाचून राहवत नाही. अमेरिकेत त्याच सुमारास झाकणातच तापमापक बसवलेला ‘बॉइस मोटोमीटर’ लोकप्रिय झाला. त्याची तांबडी रेषा वर सरकताना चालकाला आसनावरून दिसे. उकळी कधी फुटणार हे त्यामुळे कळू लागले. ती थांबवण्याची युक्ती अजून झाकणात आली नव्हती.

ती युक्ती वास्तविक सव्वादोनशे वर्षे जुनी होती. फ्रेंच संशोधक देनी पापँ यांनी १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे घट्ट झाकणाचे एक भांडे ठेवले. आत कोंडलेल्या वाफेमुळे दाब वाढे, दाबामुळे पाणी १०० अंशांच्या पुढेही द्रवच राही आणि त्यात कठीण हाडेसुद्धा मऊ होत. १६८२ च्या एप्रिलमध्ये सोसायटीच्या सदस्यांना या भांड्यात शिजवलेले जेवण मिळाले आणि जॉन इव्हलिन यांनी त्याचे कौतुक आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले. भांडे फुटू नये म्हणून पापँ यांनी त्यावर एक छोटी झडप बसवली आणि तिच्यावर वजन टांगलेला दांडा ठेवला. आतला दाब वजनाला भारी झाला की झडप उचलली जाई. भारतीय स्वयंपाकघरात १९५९ पासून देशी बनावटीचे प्रेशर कुकर येऊ लागले, त्यांची शिट्टी हे त्या वजनाचेच वंशज आहे. कुकरमधले तापमान सुमारे १२० अंशांपर्यंत जाते, हा आकडा पुढे पुन्हा भेटणार आहे.

वजनाची झडप चुलीवर चालते, धावत्या गाडीवर चालत नाही. गाडी हादरली की वजन उडते आणि दाब सुटतो. रेल्वे इंजिनांच्या बॉयलरवर हा त्रास लवकरच दिसला आणि वजनाची जागा स्प्रिंगने घेतली. त्यातून दुसराच प्रश्न उभा राहिला. अधिक जोर मिळावा म्हणून इंजिनचालक झडप आवळून बांधून ठेवीत आणि बॉयलर फुटत. १८५० च्या दशकात इंग्लंडमध्ये जॉन रॅम्सबॉटम यांनी अशी झडप रचली की तिच्यावर कितीही दाबले तरी ती अधिक घट्ट होऊ नये. यंत्रशास्त्राच्या इतिहासात माणसाच्या मोहाविरुद्ध योजलेल्या भागांची एक वेगळीच मालिका आहे, आणि रॅम्सबॉटम यांची झडप तिच्यात फार वरच्या जागी बसते.

मोटारीच्या रेडिएटरकडे हे ज्ञान वळवण्यास विमानांची गरज मोठी कारणीभूत झाली. ६,००० मीटर उंचीवर हवेचा दाब निम्म्याहून कमी असतो आणि उघडे पाणी ८० अंशांच्या सुमारास उकळते. तेथे उघड्या रेडिएटरवर बलवान इंजिन चालवणे अशक्यच. १९३० च्या दशकात एक वाट म्हणून शुद्ध एथिलीन ग्लायकॉल वापरले गेले. ते १९७ अंशांना उकळते. पण ते पेट घेऊ शकते, सांध्यांतून झिरपते आणि पाण्याइतकी उष्णता वाहूनही नेत नाही. रोल्स रॉइसच्या ‘मर्लिन’ या इंजिनात म्हणून पुढे ७० टक्के पाणी आणि ३० टक्के ग्लायकॉल यांचे मिश्रण दाबाखाली ठेवण्याची पद्धत आली. मोटारींमध्येही त्याच दशकाच्या उत्तरार्धापासून दाबाचे झाकण दिसू लागले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ते सर्रास झाले.

दाबाचे झाकण उलटे करून पाहिले तर खाली एक जाड स्प्रिंग आणि तिच्या टोकाला रबराची चकती दिसते. झाकण फिरवून बसवले की ही चकती रेडिएटरच्या तोंडातील आतल्या कडेवर दाबून बसते. आतला दाब स्प्रिंगच्या जोराएवढा होईपर्यंत काहीही बाहेर जात नाही. त्यापुढे चकती किंचित उचलली जाते आणि जादा पाणी बाजूच्या नळीने बाहेरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत जाते. चकतीच्या मध्यभागी आणखी एक चिमुकली झडप असते, ती उलट्या दिशेने उघडते. इंजिन निवले की पाणी आकसते, आत पोकळी निर्माण होऊ लागते, तेव्हा ही झडप उघडून बाटलीतील पाणी परत आत ओढून घेते. म्हणजे एकाच झाकणात दोन झडपा: एक बाहेर सोडणारी, एक आत घेणारी. याखेरीज तोंडाच्या वरच्या कडेवर बसणारी एक चकती असते. तिच्यामुळे परतीच्या ओढीत पाण्याऐवजी हवा येत नाही.

झाकणावर ‘०.९’ किंवा ‘१३’ असे आकडे कोरलेले असतात. पहिला बार या एककात, दुसरा पाउंड प्रति चौरस इंच, आणि दोन्हींचा अर्थ जवळजवळ एकच. जुन्या गाड्यांना ४ किंवा ७ पाउंडांची झाकणे असत. आडुतुरैला बाहेरच्या दाबात ०.९ बार मिळवला की आतला दाब सुमारे १.९ बार होतो आणि शुद्ध पाणीही ११९ अंशांपर्यंत उकळत नाही. कुकरच्या आकड्याशी ही जवळीक योगायोगाची नाही. दोन्ही ठिकाणी वातावरणाएवढाच आणखी दाब लादलेला आहे. सायक्स यांनी आपला तापमापक अशा रेडिएटरमध्ये बुडवला असता, तर आडुतुरै समुद्रसपाटीच्या खाली पाच किलोमीटरहून खोल आहे असा निष्कर्ष त्यांना काढावा लागला असता. उटीला हेच झाकण ११५ अंशांच्या आसपास नेते. डोंगर चढताना उत्कलनबिंदू अजूनही उतरतो, पण उघड्या भांड्यात तो सात-आठ अंशांनी उतरला असता, येथे चार अंशांनी. आणि तो उतरूनही उघड्या भांड्यापेक्षा वीसहून अधिक अंशांनी वर राहतो.

या वाढीव अंशांचा लाभ दुहेरी आहे. हवेत ४० अंश तापमान असताना ९५ अंशांचे पाणी ५५ अंशांच्या फरकाने उष्णता सोडते आणि ११० अंशांचे पाणी ७० अंशांच्या फरकाने. तोच रेडिएटर सव्वापट काम करू लागतो. दुसरा लाभ इंजिनाच्या पोटात आहे. धुराच्या झडपांजवळचे धातू इतके तापलेले असतात की तेथे पाण्याचे बुडबुडे सर्वांत आधी धरतात. पाणी धातूला चिकटून असेल तोवर उष्णता निघून जाते. वाफेचा थर आला की ती अडते आणि तेवढाच भाग भलता तापतो. सिलिंडरचे हेड वाकते, हेड गॅसकेट जळते. पंपाच्या ओढीच्या बाजूलाही दाब कमी असतो. तेथे वाफ धरली तर पंप नुसता फिरत राहतो, पाणी पुढे जात नाही. काटा लालीत जाण्याआधी झाकणाने हे सारे रोखलेले असते.

झाकण बिघडते ते बहुधा कुणाच्या ध्यानात न येता. रबर कडक होते, चिरते, स्प्रिंग थकते, कडेवर गंज बसतो. ०.९ बारचे झाकण ०.३ बारलाच पाणी सोडू लागते. गाडी सपाट रस्त्यावर नीट चालते आणि घाटात किंवा चिखलात उकळते, मग दोष थर्मोस्टॅटला, पंपाला, कधी नव्या कूलंटलाही दिला जातो. वरची चकती गेली असेल तर प्रकार आणखी फसवा असतो: बाहेरच्या बाटलीत पाणी खुणेपर्यंत भरलेले दिसते आणि रेडिएटर मात्र अर्धा रिकामा असतो, कारण गेलेले पाणी परत येत नाही. आत घेणारी झडप अडकली, तर निवलेल्या गाडीची वरची रबरी नळी कुणी पिळल्यासारखी चपटी झालेली दिसते. सकाळी बॉनेट उघडल्यावर एवढे पाहणे कुणालाही जमण्यासारखे आहे.

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात या गळतीचा एक लांबचा परिणाम होतो, आणि तो सर्वांत महाग पडतो. बंद व्यवस्थेत पाणी एकदा भरले की तेच फिरत राहते. त्यातले क्षार एकदाच बसतात आणि संपतात. झाकण गळके असेल तर रोज लिटर-दोन लिटर वर ओतावे लागते, आणि खाचराच्या बांधावर जे मिळते ते ओतले जाते: बोअरचे जड पाणी, पाटाचे गढूळ पाणी, समुद्राकडच्या पट्ट्यात मचूळ पाणी. जड पाण्यातील कॅल्शियम बायकार्बोनेट तापले की चुन्याच्या रूपाने खाली बसते, तेही नेमके सर्वांत तापलेल्या भिंतीवर. प्रत्येक लिटरबरोबर थर वाढतो, नळ्या अरुंद होतात, इंजिन अधिक तापते, झाकणातून अधिक पाणी जाते आणि अधिक पाणी ओतावे लागते. काही शे रुपयांच्या झाकणापासून सुरू झालेले हे चक्र इंजिन खोलण्यापाशी थांबते, आणि ते बहुधा कुरुवै आणि तालडि यांच्यामधल्या दिवसांतच थांबते, कारण वर्षातला सर्वांत मोठा भार त्याच दिवसांत असतो. भाड्याने ट्रॅक्टर लावणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने त्या दिवसांतला एक दिवस जाणे म्हणजे पावसाच्या आधीची लावणी हुकणे.

येथे रॅम्सबॉटम यांच्या इंजिनचालकांची आठवण होते. गाडी उकळते म्हणून अधिक दाबाचे झाकण लावणे, चकतीखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून घालणे, हे उपाय गॅरेजांत नवे नाहीत. त्यांनी उकळी लांबते, पण जादा दाब रबरी नळ्यांवर, रेडिएटरच्या सांध्यांवर आणि पंपाच्या सीलवर जातो, आणि तिथे ठिणगी न पडताच स्फोटासारखे काही तरी घडते. उलट टोकाला थर्मोस्टॅट काढून टाकणारे आणि झाकण अर्धेच फिरवून ‘वाफेला वाट’ ठेवणारेही आहेत. ०.९ कोरलेल्या झाकणाच्या जागी ०.९ चेच झाकण यावे, यात तडजोडीला जागा नाही.

भाजण्याचे अपघात मात्र चांगल्या झाकणानेच होतात, आणि ते गाडी थांबल्यावर होतात. रेडिएटरमध्ये ११५ अंशांचे सहा लिटर पाणी आहे असे धरू. झाकण उघडल्याक्षणी दाब वातावरणाएवढा होतो आणि ते पाणी १०० अंशांच्या वर द्रवरूपात राहू शकत नाही. जादा १५ अंशांची उष्णता सुमारे १७० ग्रॅम पाण्याची तत्क्षणी वाफ करते. एवढी वाफ २८० लिटर जागा व्यापते, आणि ती हाताएवढ्या रुंदीच्या तोंडातून बाहेर पडताना उरलेले उकळते पाणी बरोबर घेऊन येते, थेट वाकून पाहणाऱ्याच्या चेहऱ्यावर. झाकणाला फिरवताना मध्येच जी अटक लागते ती यासाठीच आहे: तेथे थांबले की दाब बाजूच्या नळीने निघून जातो. पण तिच्यावर विसंबून तापलेले झाकण उघडू नये. इंजिन बंद करून अर्धा तास थांबावे, वरची नळी बोटांनी दाबून ती मऊ झाली आहे का ते पाहावे, जाड ओले फडके झाकणावर ठेवावे, तोंड बाजूला करावे आणि मगच फिरवावे. उकळलेल्या इंजिनात थंड पाणी एकदम ओतणेही टाळावे. तापलेले ओतीव लोखंड त्याने तडकू शकते.

देखभालीचे बाकी काम थोडे आहे. थंड इंजिनाचे झाकण महिन्यातून एकदा, आणि चिखलणीच्या दिवसांत रोज सकाळी, काढून पाहावे. रबर नखाने दाबून लवचिक आहे का, मधली छोटी झडप बोटाने ओढल्यावर उघडून परत बसते का, तोंडाची आतली कड गुळगुळीत आहे का, एवढे तपासावे. झाकणाच्या आत दुधाळ, तेलकट साय दिसली तर इंजिनचे तेल पाण्यात येत आहे आणि झाकण बदलून भागणार नाही. हातपंपाचा दाबमापक बऱ्याच गॅरेजांत असतो. त्यावर झाकण लावून ते कोरलेल्या आकड्याला सुटते का हे दोन मिनिटांत कळते. शंका आली तर झाकण बदलणे हेच सर्वांत स्वस्त निदान. पाणी ओतायचेच तर निर्मळ केलेले आणि कूलंट मिसळलेले असावे. निम्मे ग्लायकॉल असलेले मिश्रण उघड्यावरही १०७ अंशांच्या आसपास उकळते आणि गंजालाही आवरते.

नव्या मोटारींमध्ये रेडिएटरवर झाकण दिसतच नाही. ते जाड प्लॅस्टिकच्या विस्तार टाकीवर गेले आहे आणि फिरकीचे झाले आहे. आत स्प्रिंग आणि दोन झडपा त्याच. द्रवाने थंड होणाऱ्या विद्युत मोटारींच्या बॅटऱ्यांनाही अशी टाकी आणि तिला कमी दाबाचे झाकण असते. आडुतुरैच्या संस्थेने एडीटी २७ नंतर एडीटी ३६, ३७, ४३, ४५ अशी कुरुवैची आणखी वाणे दिली, आणि तीही ११० दिवसांच्या आसपासचीच आहेत. खाचरातले ट्रॅक्टर मात्र अजून बहुतांशी डिझेलचे आहेत, त्यांचे झाकण बॉनेटखाली जुन्या जागीच आहे, आणि सप्टेंबरअखेरीस पहिली चिखलणी सुरू होते तेव्हा त्यातले रबर आदल्या हंगामाचेच असते.